उजवा स्तन काढायचा आहे; पुनर्रचना करावी का? अनुभव हवे आहेत

सायंतारा | ९ जानेवारी २०२३, रात्री ११.२०

गेली अकरा वर्षं इथे नुसती वाचत आले. पहिलाच धागा असा काढावा लागेल असं वाटलं नव्हतं. चूकभूल सांभाळून घ्या.

वय ४७. साताऱ्याजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नरक चतुर्दशीला उटणं लावताना उजव्या बाजूला हाताला काहीतरी टणक लागलं. दुखत नव्हतं, म्हणून दिवाळी होऊ दिली. मग शाळा, मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. दाखवायला डिसेंबर उजाडला. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बायोप्सी असं सगळं पुण्यात झालं. एकाच स्तनात दोन गाठी आहेत. एक वर काखेच्या बाजूला २.८ सेंमीची, दुसरी खाली आतल्या अंगाला १.४ सेंमीची. दोन्हींच्या मधे कॅल्शियमचे बारीक कण पसरलेले आहेत. ईआर, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, म्हणजे संप्रेरकांवर (हार्मोन्सवर) वाढणारा प्रकार.

डॉक्टर म्हणाले, गाठींपुरतं काढून भागणार नाही, पूर्ण स्तन काढावा लागेल. हे ऐकून मी रडले नाही, का कोण जाणे. घाम मात्र फुटला. त्यानंतर लगेच मला प्लास्टिक सर्जनकडे नेलं. त्यांनी पंधरा मिनिटांत तीन पर्याय सांगितले: आत सिलिकॉनचं इम्प्लांट, पोटाची चरबी काढून तिथे लावणं, किंवा काहीच न करणं. गुरुवारपर्यंत कळवा म्हणाले.

घरी यांचं म्हणणं, "तुला हवं ते कर, मला काहीच फरक पडत नाही." सासूबाई म्हणतात, एवढ्यावर निभावलं तर देवाचे आभार मान, पुन्हा जास्तीची चिरफाड कशाला. मुलगी दहावीला आहे, ती काही विचारतच नाही. आणि मला स्वतःला काय हवंय तेच उमगत नाहीये. काही तास वाटतं की जीव वाचतोय ना, बाकी राहू दे. आणि मग रात्री कुशीवर वळताना हात तिथे जातो.

ज्यांनी केलंय, ज्यांनी नाही केलं, दोघींनीही लिहा. गोड गोड नको, खरं लिहा.

---

ओंजळ | ९ जानेवारी २०२३, रात्री ११.५५

सायंतारा, तू नि मी एकाच वेळी जाग्या आहोत म्हणून लगेच लिहिते. माझं डाव्या बाजूचं ऑपरेशन २०१२ साली झालं. पुनर्रचना केली नाही. आज मी ६१ वर्षांची आहे, रत्नागिरीला राहते, काल अर्धा दिवस कोकमाच्या रोपांना पाणी घालत होते. सविस्तर उद्या लिहीन. आत्ता एकच सांगते: गुरुवार हा काही देवाने ठरवलेला दिवस नव्हे. मुदत वाढवून माग. झोप आता.

---

शस्त्रसखी | १० जानेवारी २०२३, सकाळी ६.४०

मी कर्करोग शल्यचिकित्सक आहे. इथून कुणाला उपचार सांगता येत नाहीत, तो अधिकार तुमचे रिपोर्ट हातात असलेल्या डॉक्टरांचा. पण निर्णय घ्यायला लागणारी माहिती देऊ शकते.

ओंजळ यांना अनुमोदन. तुमच्यासारख्या केसमध्ये एखाद-दोन आठवडे विचार करण्यात गेले तर बिघडत नाही. महिनोन्महिने घालवू नका, एवढंच.

पहिला प्रश्न, स्तन खरोखर काढावा लागणार आहे का? हे मी मुद्दाम विचारते, कारण आपल्याकडे अजून पुष्कळ बायकांना वाटतं की सगळं काढलं म्हणजे आजार समूळ गेला. अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७६ साली एक चाचणी सुरू केली. काहींचा पूर्ण स्तन काढला, काहींची फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं. २००२ साली २० वर्षांचे आकडे छापून आले तेव्हा जगण्याच्या प्रमाणात दोन्हींत फरक नव्हता. इटलीत मिलानला उम्बेर्तो वेरोनेसी यांच्या चाचणीतही तेच निघालं. म्हणून एकच गाठ असेल, स्तनाच्या मानाने लहान असेल आणि रेडिएशन देता येत असेल, तर स्तन वाचवणं हा कमी प्रतीचा उपचार अजिबात नाही. मोठी गाठ आधी केमो देऊन लहान करूनही वाचवता येतो.

तुमच्या बाबतीत दोन गाठी लांब लांबच्या भागांत आहेत आणि मधे कॅल्शियम पसरलंय. तेवढं सगळं काढल्यावर उरणार काय, हा प्रश्न असतो. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांचा सल्ला मला रास्त वाटतो. तरी दुसरं मत जरूर घ्या. टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड (देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांचं जाळं) यांच्याशी जोडलेली 'नव्या' ही ऑनलाइन सेवा आहे, तिथे रिपोर्ट पाठवून तज्ज्ञांचं मत मिळतं. परळला खेटे घालावे लागत नाहीत.

दुसरा प्रश्न मी विचारते. घरात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झालेला आहे का? माहेरची दोन्हीकडची माणसं आठवा. वडिलांकडची सुद्धा.

---

सायंतारा | १० जानेवारी २०२३, दुपारी १.१०

मधल्या सुट्टीत लिहितेय. आईकडे कुणाला नाही. वडिलांच्या सख्ख्या बहिणीला, म्हणजे माझ्या आत्याला, अंडाशयाचा होता. ती ५२ व्या वर्षी गेली. हॉस्पिटलात विचारलं होतं, पण "आई, मावशी, बहीण कुणाला आहे का" असं विचारलं, म्हणून मी नाही म्हटलं. आत्या धरतात का यात?

---

शस्त्रसखी | १० जानेवारी २०२३, दुपारी २.०५

नक्की धरतात. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष वडिलांकडूनही तितकाच येतो. पुरुषांमध्ये तो बहुधा काही न करता पुढे सरकतो, म्हणून तो कुणाच्या ध्यानात येत नाही. ही गोष्ट आजच डॉक्टरांना फोन करून सांगा. रक्ताची किंवा लाळेची तपासणी असते, निकालाला तीन-चार आठवडे लागू शकतात. दोष निघाला तर दुसऱ्या स्तनाचा आणि अंडाशयांचाही विचार करावा लागतो. नाही निघाला, तर दुसरा चांगला स्तन भीतीपोटी काढण्याने आयुष्य वाढत नाही.

---

नीरजा_एडिसन | ११ जानेवारी २०२३, पहाटे ४.३०

न्यू जर्सीहून लिहितेय. वरच्या प्रतिसादात माझीच गोष्ट आहे. मला कॅन्सर झालेला नव्हता. आई आणि मोठी बहीण दोघींना झाला, मग माझी तपासणी केली आणि बीआरसीए-१ चा दोष निघाला. अँजेलिना जोलीने २०१३ साली वर्तमानपत्रात लेख लिहून स्वतःच्या दोन्ही स्तनांच्या ऑपरेशनबद्दल जाहीर सांगितलं होतं. तो मी तेव्हा कुतूहलाने वाचला होता. पाच वर्षांनी तो पुन्हा शोधून काढला.

माझे दोन्ही काढले. वरची त्वचा आणि स्तनाग्रं राखून आत इम्प्लांट बसवले. पहिल्या ऑपरेशनमध्ये आत रिकामी पिशवी ठेवली. तिला एक्स्पांडर म्हणतात. मग दर दोन आठवड्यांनी सुईने तीत सलाईन भरायचे. त्वचा हळूहळू ताणली जाते. पाच महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करून पिशवीच्या जागी सिलिकॉन. भरून आल्यावर दोन दिवस छातीला लोखंडी पट्टा आवळल्यासारखं व्हायचं.

कपड्यांत कुणाला कळत नाही. आरशातही ठीक दिसतं. पण एक गोष्ट मला कुणी आधी नीट सांगितली नाही, ती मी तुला सांगते. स्पर्श कळत नाही. लेक येऊन बिलगली की दाब कळतो, तिची ऊब कळत नाही. थंड पाण्याचा ग्लास छातीशी धरला तर कपडा ओला झालेला दिसेपर्यंत पत्ता लागत नाही. पुनर्रचना म्हणजे आकार परत मिळतो. गेलेला अवयव परत येतो असं समजून जाऊ नकोस. आणि इम्प्लांट जन्मभराचं नसतं, पुढेमागे बदलावं लागू शकतं.

तरी पुन्हा वेळ आली तर मी हेच करीन. तेव्हा ४१ ची होते, आणि सपाट छातीने जगायची माझी तयारी नव्हती. यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही.

इथे १९९८ सालच्या कायद्याने एक सोय आहे. ज्या विम्यात स्तन काढण्याचा खर्च मिळतो, त्यात पुनर्रचनेचा, दुसरी बाजू जुळवून घेण्याचा आणि बाहेरून लावायच्या कृत्रिम स्तनाचाही खर्च द्यावा लागतो. भारतात काय आहे?

---

मावळतीकर | ११ जानेवारी २०२३, रात्री ९.४५

मी पुरुष आहे, या धाग्यावर लिहावं की नाही असा विचार दोन दिवस केला. माझ्या पत्नीचं ऑपरेशन २०१७ साली परळच्या टाटा रुग्णालयात झालं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झालं, केशरी शिधापत्रिका होती आमची. नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्ण सेवा सदनात खोली मिळाली होती, तिथल्या माणसांचे उपकार फिटणार नाहीत.

सायंतारा ताई, तुमच्या मिस्टरांनी म्हटलेलं "मला काहीच फरक पडत नाही" हे वाक्य मीही अगदी असंच म्हटलं होतं. मनापासून म्हटलं होतं. तिला धीर येईल असं वाटलं होतं. वर्षभराने ती मला म्हणाली, "तुम्ही असं म्हणालात तेव्हा मला वाटलं, माझं एवढं जातंय आणि ह्यांना त्याचं काहीच नाही." मी सुन्न झालो. मला फरक पडत होता. तिचा त्रास बघून पोटात तुटायचं, पण ते बोलायचं नाही अशी माझी समजूत होती. तुमच्या मिस्टरांना हा प्रतिसाद दाखवा. त्यांनी निर्णय देऊ नये, पण वाईट वाटतंय हे म्हणावं.

आणि त्यांना कामाला लावा. ऑपरेशननंतर बाजूला नळी असते, तिच्या टोकाला डबी. रोज ठराविक वेळी डबी रिकामी करून किती मिली निघालं ते वहीत लिहायचं. आम्हाला २४ तासांत ३० च्या खाली आलं की नळी काढू म्हणाले होते. ती वही मी लिहायचो. पहिल्या दिवशी हात थरथरले. पण त्या वहीमुळे आम्ही दोघं त्या जखमेकडे एकत्र बघायला शिकलो. तिने एकटीने आरशात पहिल्यांदा बघायची वेळ आली नाही.

---

रेवाकाठ | १२ जानेवारी २०२३, सकाळी १०.१५

मी जबलपूरची. खरं लिहा म्हणालात म्हणून लिहिते, घाबरवायला नाही.

माझं स्तन काढणं आणि इम्प्लांट एकाच दिवशी झालं. शुद्धीवर आले तेव्हा छातीवर काहीतरी होतं, पूर्ण सपाट नव्हतं, याचा फार मोठा आधार वाटला. पण अंतिम रिपोर्टमध्ये काखेतल्या चार गाठींत (म्हणजे तिथे मुळातच असणाऱ्या लसिकाग्रंथींत) कॅन्सर निघाला आणि रेडिएशन घ्यावं लागलं. इम्प्लांटभोवती शरीर आपणहून एक पातळ वेष्टण तयार करतं. रेडिएशननंतर माझं ते वेष्टण आकसत गेलं. दीड वर्षात ती बाजू वर सरकली, दगडासारखी टणक झाली. पालथं झोपणं सोडा, कुकरचं झाकण लावताना ओढ बसायची. तीन वर्षांनी ते काढलं आणि पाठीचा स्नायू त्वचेसकट पुढे फिरवून तिथे बसवला. ते आता मऊ आहे. पाठीवर ब्लाउजच्या पट्टीखाली वीतभर व्रण आहे. वरच्या फळीवरचा डबा खेचून काढताना त्या बाजूला जोर कमी पडतो.

माझी तक्रार इम्प्लांटबद्दल नाही. रेडिएशन लागण्याची शक्यता किती आहे आणि लागलं तर इम्प्लांटचं काय होऊ शकतं, हे मला ऑपरेशनआधी कुणी समजावलं नाही, याबद्दल आहे. तू विचार. लिहून ने आणि विचार.

---

शस्त्रसखी | १२ जानेवारी २०२३, रात्री ८.३०

रेवाकाठ, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. सगळा निर्णय ज्या एका गोष्टीवर अडतो ती तुम्ही सांगितलीत. रेडिएशन लागणार की नाही हे बऱ्याचदा काखेतल्या गाठींच्या रिपोर्टवर ठरतं, आणि तो पक्का रिपोर्ट ऑपरेशननंतरच हाती येतो. म्हणजे पुनर्रचनेचा निर्णय आपण अर्धी माहिती हातात घेऊन करत असतो.

स्वतःच्या शरीरातला भाग वापरला तर तो रेडिएशन झालेल्या जागी इम्प्लांटपेक्षा चांगला टिकतो, कारण त्याला स्वतःचा रक्तपुरवठा असतो. पोटाच्या पद्धतीला डीप फ्लॅप म्हणतात. बेंबीखालची त्वचा आणि चरबी तिच्या रक्तवाहिनीसकट सुटी करायची आणि छातीतल्या रक्तवाहिनीला सूक्ष्मदर्शकाखाली टाके घालून जोडायची. पूर्वी पोटाचा स्नायूही घ्यायचे, त्याने पोट कमकुवत व्हायचं. डीपमध्ये स्नायू जागेवर राहतो. पण हे सहा-आठ तासांचं किंवा त्याहून मोठं ऑपरेशन आहे. पहिले दोन-तीन दिवस नर्स सारख्या येऊन जोडलेल्या भागाचा रंग आणि रक्तप्रवाह तपासतात, कारण जोड बंद पडला तर तातडीने पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागतं. तंबाखू, मिश्री, अनियंत्रित मधुमेह असेल तर धोका वाढतो. आणि हे ऑपरेशन नेहमी करणारा सर्जन हवा. "तुम्ही वर्षाला अशी किती करता?" हे विचारायला अजिबात संकोचू नका.

इम्प्लांट निवडलंत तर त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खरबरीत ते विचारा. २०१९ साली एका कंपनीची खरबरीत इम्प्लांट जगभरातून परत मागवली गेली, कारण त्यांच्याभोवती एका दुर्मीळ लिम्फोमाचं (लसिकापेशींच्या कॅन्सरचं) प्रमाण जास्त आढळलं. दुर्मीळ आहे, पण विचारून ठेवावं.

आता तिसरा पर्याय. "काहीच न करणं" हे शब्द मला खटकतात. छाती नीट सपाट करून शिवणं हेही कौशल्याचं काम आहे. जास्तीची त्वचा, काखेखाली राहणारा लोंबता कोपरा, हे सगळं काळजीने काढावं लागतं. 'मला सपाट आणि नीटनेटकं हवंय' असं आधी सांगितलं पाहिजे. नाहीतर पुढे पुनर्रचना कराल या हिशेबाने कातडी सैल ठेवली जाऊ शकते.

आणि पुनर्रचना नंतरही करता येते. सहा महिन्यांनी, दोन वर्षांनी, दहा वर्षांनी. आज नाही म्हटलं म्हणजे दार बंद झालं असं नाही.

---

ओंजळ | १३ जानेवारी २०२३, दुपारी ३.२०

माझं लिहायचं राहिलं होतं.

मला तेव्हा कुणी पर्यायच दिले नव्हते. त्यामुळे मी निवडलं असं म्हणता येणार नाही, मी जुळवून घेतलं. पहिलं वर्ष वाईट गेलं. हळदीकुंकवाला गेले नाही. पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायला लागले, मग लोक विचारायला लागले बरं नाही का म्हणून. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन आणला, खास ब्रेसियरच्या खिशात बसतो तो. दिसायला छान, पण आमच्याकडच्या मे महिन्यात त्याच्याखाली घामाने पुरळ उठायचं. मग मीच शिवायला घेतला. जुन्या मऊ लुगड्याचं कापड, आत कापूस, आणि वजन यावं म्हणून थोडी मोहरी. वजन लागतं हो! एका बाजूला भार आणि दुसऱ्या बाजूला नाही, असं झालं की खांदा उचलला जातो, मान दुखते. घरात आता मी काहीच लावत नाही. बाहेर जाताना मोहरीवाला.

हळूहळू ते माझं शरीर झालं. कधी झालं ते सांगता येणार नाही. एकदा विहिरीवर आंघोळ करताना लक्षात आलं की आज मी तिथे बघितलंसुद्धा नाही.

तुला दोन गोष्टी सांगते. हाताचे व्यायाम पहिल्या आठवड्यापासून, डॉक्टर सांगतील तसे. भिंतीवर बोटांनी मुंगी चढवतात तसं वर वर जायचं, रोज पेन्सिलने खूण करायची. तू फळ्यावर लिहिणारी, उजवाच हात आहे. दुसरं म्हणजे, नळीच्या डब्या कुठे ठेवायच्या हा मोठा प्रश्न असतो. गाऊनला पिना लावून ओढ बसते. मी गळ्यात अडकवायच्या कापडी पिशव्या शिवते, लांब बंदाच्या. पत्ता खासगी निरोपातून कळव, दोन पाठवते.

---

सायंतारा | १५ जानेवारी २०२३, रात्री १०.४०

तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद मी वहीत उतरवून काढले. मावळतीकर, तुमचा यांना वाचायला दिला. वाचून हे गॅलरीत जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने आत आले आणि म्हणाले, "मला भीती वाटते." बावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मग आम्ही दोघंही रडलो. माझं रडणं तोवर अडलेलं होतं.

गुरुवारी जाऊन मुदत वाढवून घेतली, कुणी काही म्हणालं नाही. आत्याचं सांगितलं, रक्त घेतलं. ऑपरेशन २ फेब्रुवारीला. 'नव्या'वरूनही पूर्ण काढण्याचंच मत आलं.

मुलीने आज स्वतःहून विचारलं, "मलाही होईल का?" मी सांगितलं की त्याचीच तपासणी केली आहे, जे निघेल ते तुला सांगेन, लपवणार नाही. नंतर तिने माझ्या वहीतले प्रश्न तिच्या चांगल्या अक्षरात पुन्हा लिहून दिले.

---

सायंतारा | ३० जानेवारी २०२३, रात्री ९.०५

बीआरसीए-१, बीआरसीए-२ दोन्ही निगेटिव्ह. मुलीला सगळ्यात आधी सांगितलं.

ठरवलं. आत्ता फक्त स्तन काढणं, छाती नीट सपाट शिवून घेणं. पुनर्रचना आत्ता नाही. रेडिएशनचं कळल्याशिवाय मला त्यात पडायचं नाही. सासूबाईंना वाटतंय मी त्यांचं ऐकलं. त्यांना तसंच वाटू दे.

ओंजळताई, पिशव्या मिळाल्या. निळ्या फुलांची परवा सोबत नेणार.

---

सायंतारा | २६ फेब्रुवारी २०२३, सायंकाळी ५.३०

डाव्या हाताने टाइप करतेय, चुका पोटात घाला.

ऑपरेशन नीट झालं. निळं औषध टोचून काखेतल्या पहिल्या गाठी शोधल्या, दोन दिवस लघवी हिरवीनिळी होत होती. आधी कुणी सांगितलं नसतं तर घाबरले असते. ऑपरेशन चालू असतानाच केलेल्या तपासणीत एका गाठीत कॅन्सर दिसला, म्हणून काखेतल्या बाकीच्याही काढल्या. १६ पैकी १. आता केमो आणि मग रेडिएशन. म्हणजे थांबले ते बरं झालं.

दंडाच्या आतली बाजू बधिर आहे, आणि बधिर असूनही काट्यांसारखं टोचतं. डॉक्टर म्हणतात, हे काही महिने राहील. वही हे लिहितात. सतराव्या दिवशी २५ मिली आलं, नळी काढली.

छाती बघितली. यांच्यासोबतच. एक तिरकी रेघ आहे. वाटलं होतं त्यापेक्षा कमी भयंकर, आणि वाटलं होतं त्यापेक्षा जास्त रिकामं.

---

नीरजा_एडिसन | २७ फेब्रुवारी २०२३, पहाटे ३.५०

ते रिकामं वाटणं मला ठाऊक आहे. केमोच्या दिवसांत कधीही लिही, तुझी रात्र ती माझी दुपार.

---

सायंतारा | २१ सप्टेंबर २०२४, रात्री १०.१५

दीड वर्षाने धागा वर काढतेय. मधल्या काळात ज्यांनी खासगी निरोपातून विचारपूस केली त्या सगळ्यांचे आभार. केमो संपली, रेडिएशनचे १५ डोस झाले, टॅमॉक्सिफेन (संप्रेरकांचा परिणाम रोखणारी गोळी) चालू आहे. गेल्या जूनपासून शाळेत पूर्ण वेळ जातेय. उजव्या हाताला थोडी सूज येते, दाबाची बाही घालते. मुलं विचारतात, मी सांगते. पाचवीतल्या एका मुलाने स्वतःहून फळा पुसायचं काम अंगावर घेतलंय.

लिहायचं कारण वेगळं. मी पुनर्रचना करायचं ठरवलंय. डीप फ्लॅप, पोटाची.

ओंजळताई, तुम्हाला हे सांगताना मला अपराधी वाटत होतं, जणू मी तुमच्या वाटेवरून मधेच वळतेय. मी मोहरीवाला वापरला, मनापासून वापरला. सपाट छातीची लाज वाटली नाही. पण दीड वर्षात ते माझं झालं नाही. रोज सकाळी ब्लाउज घालताना मी स्वतःला पुन्हा एकदा सांगत असते, की आपल्याला असं झालं होतं. मला हे रोज सांगायचं नाहीये. यांनी सुचवलं नाही, कुणीच सुचवलं नाही. २०२३ मध्ये मला काय हवंय ते उमगत नव्हतं. आता कळतंय, म्हणून करतेय.

घरून विरोध झाला. सासूबाई म्हणाल्या, बरी झालेलीस, आता हौसेसाठी पोट फाडणार? त्यांना म्हटलं, हौसच समजा. तुमची पाटली हरवली तेव्हा हात शाबूत होता तरी तुम्ही पुन्हा करून घेतलीत ना? बराच वेळ गप्प होत्या. मग विचारलं, किती दिवस झोपून राहावं लागेल.

विम्याचं, कारण नीरजाने विचारलं होतं आणि तेव्हा कुणालाच सांगता आलं नाही. यांच्या कंपनीच्या विम्यातून आधी "ही सौंदर्य शस्त्रक्रिया आहे" म्हणून तोंडी नकार आला. मी पॉलिसीचा कागद काढून बसले. विमा नियामकाने ठरवून दिलेलं वगळण्याचं जे कलम आहे, त्यात सौंदर्य किंवा प्लास्टिक सर्जरी वगळलेली आहे, पण अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतरची पुनर्रचना त्याला अपवाद म्हणून स्पष्ट लिहिलेली आहे. त्या ओळीखाली रेघ मारून पत्र दिलं. लेखी मंजुरी आली. मैत्रिणींनो, तोंडी नकारावर थांबू नका, कलम वाचा आणि लेखी मागा.

सर्जनला तुमचे सगळे प्रश्न विचारले, वर्षाला किती करता हेही. पोटाची अँजिओग्राफी झाली, वाहिन्या चांगल्या आहेत. दोन सिझेरियनची भीती होती, त्याने अडत नाही म्हणाले. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेन ऑपरेशनआधी काही आठवडे थांबवायचं आहे. दिवाळीची सुट्टी जोडून रजा घेतलीय.

---

रेवाकाठ | २१ सप्टेंबर २०२४, रात्री ११.००

किती छान वाटलं वाचून! पहिले आठ-दहा दिवस कमरेत वाकून चालावं लागतं म्हणतात, पोटाच्या टाक्यांवर ताण नको म्हणून. ओट्यापाशी उंच स्टूल ठेवून घे, आणि खोकला आला तर पोटाशी उशी दाबून धर. घरातल्या सगळ्या उशा गोळा कर आत्ताच.

---

ओंजळ | २२ सप्टेंबर २०२४, सकाळी ७.१०

वेडी आहेस का गं? अपराधी कसलं? माझी वाट मी निवडलेली नव्हती, हे मीच लिहिलंय वर. तू निवडते आहेस. मी आज बावीस वर्षं लहान असते तर काय केलं असतं, कोण जाणे.

नळ्या किती असणार?

---

सायंतारा | २२ सप्टेंबर २०२४, दुपारी १.२०

तीन म्हणालेत, छातीची एक आणि पोटाच्या दोन. निळ्या फुलांची पिशवी धुऊन जपून ठेवलीय, दुसरी वॉर्डातल्या एका मुलीला दिली होती. अजून दोन शिवाल का? पोटाच्या जरा लांब बंदाच्या लागतील.

---

ओंजळ | २२ सप्टेंबर २०२४, दुपारी १.३५

मशीनवरच बसले आहे. उंची सांग.